राखून ठेवलेला वार आधी कोणाचा?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, प्रत्येकाने एक पात्र घेऊन खेळायच्या कथाखेळातल्या लढाईत दिसायला सर्वांत निरुपद्रवी आणि प्रत्यक्षात टेबलाभोवतीचे आवाज सर्वांत जास्त चढवणारा नियम म्हणजे रेडी ॲक्शन. आपल्या टर्नवर, म्हणजे पाळीवर, लगेच काही न करता, ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे सांगून वार राखून ठेवायचा, एवढीच ती सोय. एकाच खेळाडूने वार राखून ठेवलेला असेल तर नियम पुरेसा स्पष्ट आहे. परंतु तिघांनी राखून ठेवला आणि शत्रूच्या एकाच पावलाने एकापेक्षा अधिक जणांची अट पुरी झाली, तर आधी कोण आणि मग कोण, याचे उत्तर शोधत पाने उलटण्यात लढाईचा सारा वेग निघून जातो. माझे मत असे आहे की क्रमाचा म्हणून जो वाद होतो तो बहुतेक वेळा क्रमाचा नसतोच, तो अट ढिसाळ शब्दांत सांगितल्याचा असतो. आणि अट नीट सांगूनही जो थोडा पेच उरतो, तो सोडवण्याचा अधिकार डीएमकडे (डन्जन मास्टर, म्हणजे कथा आणि शत्रू चालवणारा) नव्हे तर वार राखून ठेवणाऱ्यांकडे असावा.

ज्यांनी हा खेळ एखाददुसऱ्या वेळीच खेळला आहे त्यांच्यासाठी मूळ नियम आधी सांगते. लढाई सुरू झाली की प्रत्येक जण वीस बाजूंचा फासा टाकून इनिशिएटिव्ह ठरवतो आणि त्या उतरत्या क्रमाने टर्न येतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आपल्या टर्नवरची ॲक्शन, म्हणजे मुख्य कृती, खर्च करून ‘रेडी’ करता येते, आणि त्या वेळी दोन गोष्टी सांगाव्या लागतात: आपल्या पात्राला जाणवू शकेल अशी एक घटना, म्हणजे ट्रिगर, आणि ती घडल्यावर करायची कृती. ट्रिगर घडून संपला की लगेच आपली रिॲक्शन, म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या टर्नवर मिळणारी प्रतिक्रियेची संधी, वापरून ती कृती करता येते, किंवा तो ट्रिगर सोडूनही देता येतो. रिॲक्शन प्रत्येक फेरीत एकच असते आणि ती आपल्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला परत मिळते. त्याच क्षणी राखून ठेवलेली कृतीही बाद होते. स्पेल, म्हणजे मंत्र, राखून ठेवायचे असेल तर ते आपल्या टर्नवरच म्हटले जाते, त्याचा स्लॉट (मोजक्या मंत्रसंधींतली एक) तेव्हाच खर्च होतो आणि त्याची शक्ती कॉन्सन्ट्रेशनने, म्हणजे चित्त एकाग्र करून, धरून ठेवावी लागते, म्हणून मधल्या वेळेत मार बसून कॉन्सन्ट्रेशन तुटले की स्पेलही गेले आणि स्लॉटही गेला. २०२४ च्या सुधारित पुस्तकातही हा गाभा तसाच आहे.

आमचा खेळ साताऱ्यात, शाहूपुरीतल्या डीएमच्या घरी रविवारी दुपारी चालतो. हा डीएम नकाशे विकत घेत नाही, आसपासच्या जागांवरून स्वतः काढतो. सध्याच्या मोहिमेतली जागा त्याने लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीवरून बेतली आहे: खाली उतरत जाणारा दगडी जिना, पुढे कमान, आणि मुख्य विहीर व तिला जोडलेली उपविहीर यांच्या मध्ये असलेला तो देखणा महाल. कमानीतले लाकडी दार मात्र त्याने स्वतःच्या पदरचे घातले, आणि त्या दारामागे हॉबगॉब्लिन या राक्षसी जातीचा एक सरदार आपल्या माणसांसह बसवला. (विहिरीत उतरून कोणी लढेल का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी ती विहीर एकदा आतून पाहावी.)

इनिशिएटिव्ह असे पडले होते: रेंजर (तिरंदाज) १९, सरदार १५, माझी विझार्ड (मांत्रिक) १३ आणि फायटर (तलवारबाज) ८. पहिल्या फेरीत सरदार दाराआडून हललाच नाही, त्यामुळे आम्ही सर्वांनीच वार राखून ठेवले. जिन्यावर वर उभ्या असलेल्या रेंजरने सांगितले, ‘दार उघडले की जो दिसेल त्याच्यावर बाण.’ मी थंडरवेव्ह हे गडगडाटी धक्क्याचे स्पेल धरून ठेवले आणि म्हटले, ‘शत्रू आमच्याजवळ येऊन भिडला की सोडते.’ फायटर माझ्या शेजारीच, एका ओळीत उभा होता. त्याचे वाक्य होते, ‘माझ्या तलवारीच्या टप्प्यात कोणी आला की वार.’ दुसऱ्या फेरीत रेंजरची टर्न पुन्हा आली तेव्हा त्याची जुनी तयारी बाद झाली, म्हणून त्याने तीच अट पुन्हा सांगितली. माझी आणि फायटरची तयारी आमच्या टर्न अजून यायच्या असल्यामुळे शाबूत होती. मग सरदाराची टर्न आली. त्याने दार लाथेने उघडले आणि वीस फूट धावत येऊन आमच्या दोघांच्या पुढ्यात उभा राहिला.

रेंजरच्या बाणाबद्दल काहीच प्रश्न नव्हता. दार उघडणे ही स्वतंत्र घटना होती, ती संपली, बाण सुटला, आणि बाण लागूनही जिवंत राहिलेल्या सरदाराने आपली उरलेली टर्न पुढे चालू ठेवली. रेंजरला एका ॲक्शनमध्ये दोनदा मारता येत असूनही येथे बाण एकच सुटतो, कारण ती जादा संधी फक्त स्वतःच्या टर्नवर मिळते. हे नव्या खेळाडूंना नेहमी अन्यायकारक वाटते. मला ते रास्त वाटते, कारण नाहीतर प्रत्येक जण प्रत्येक वेळी थांबूनच मारील.

पेच होता तो पुढचा. सरदाराच्या शेवटच्या पावलाने माझी आणि फायटरची अट एकाच क्षणी पुरी झाली. थंडरवेव्हने दोन डी-८ (आठ बाजूंचे दोन फासे) इतकी इजा होते आणि कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (काटकपणावर टाकायचा बचावाचा फासा) चुकला तर शत्रू दहा फूट मागे फेकला जातो. म्हणजे माझे स्पेल आधी आणि त्याचा सेव्ह चुकलेला, अशा स्थितीत फायटरच्या तलवारीसमोर मोकळी फरशी उरणार. आणि शत्रू स्वतःच्या चालीने दूर न जाता ढकलला गेला असल्यामुळे फायटरला ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे टप्प्यातून निघून जाणाऱ्यावर करता येणारा वार, तोही मिळणार नाही. फायटर खेळणारे काका पोवई नाक्याजवळ मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान चालवतात आणि एरवी फार बोलत नाहीत. परंतु येथे ते तत्काळ डीएमला म्हणाले, ‘अरे, आधी मला मारू दे की, मग तिला ढकलू दे!’

आता नियम काय म्हणतो ते पाहू. २०१४ च्या मूळ पुस्तकात अशा एकाच वेळी पुऱ्या झालेल्या दोन अटींचा क्रम सांगितलेला नाही. २०१७ च्या ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पूरक पुस्तकामध्ये तो ऐच्छिक नियम म्हणून आला आणि २०२४ मध्ये मुख्य नियमांत गेला: एखाद्या टर्नवर दोन किंवा अधिक गोष्टी एकाच वेळी घडत असतील, तर ज्याची टर्न चालू आहे त्याला चालवणारी व्यक्ती, मग ती खेळाडू असो वा डीएम, त्यांचा क्रम ठरवते. सुटसुटीतपणाच्या दृष्टीने हा नियम उत्तम आहे. एखाद्या पात्रावर टर्नच्या शेवटी विषाची इजा आणि एखाद्या आशीर्वादाचे उपचार दोन्ही लागू होत असतील, तर आधी काय मोजायचे हे त्याच खेळाडूने ठरवावे, यात कोणाची तक्रार नसते.

रेडी ॲक्शनला मात्र तो नियम उलटा लागतो. वार राखून ठेवायचा तो जवळजवळ नेहमी शत्रूच्या टर्नवर वापरण्यासाठी, म्हणून आमच्या दोन वारांचा क्रम ठरवण्याचा अधिकार त्या नियमाने थेट सरदाराच्या बाजूने बसलेल्या माणसाकडे जातो. प्रामाणिक डीएमलाही यात अडचण होते: त्याने स्पेल आधी म्हटले तर तो शत्रूला वाचवतो असे दिसते, तलवार आधी म्हटले तर तो आम्हाला झुकते माप देतो असे दिसते. शिवाय हे कथेच्याही विरुद्ध जाते. आमची पात्रे कित्येक लढाया एकत्र लढलेली आहेत, खांद्याला खांदा लावून एकाच शत्रूची वाट पाहत उभी आहेत. तलवार आधी की मंत्र आधी हे त्यांनी आपसांत एका नजरेत ठरवले नसेल, असे मानण्याचे कारणच काय?

डीएमने त्या दिवशी अधिकार असूनही तो वापरला नाही, आम्हा दोघांनाच विचारले, आणि आम्ही तलवार आधी घेतली. वार लागला, मग थंडरवेव्ह सुटले, सरदाराचा सेव्ह चुकला आणि तो दहा फूट मागे आदळला. आता त्याची चाल तीस फुटांची होती आणि त्यांतले वीस फूटच खर्च झाले होते. उरलेल्या दहा फुटांत तो पुन्हा आमच्यापर्यंत आला आणि माझ्यावर तलवार चालवून गेला, कारण आमच्या दोघांच्याही रिॲक्शन संपलेल्या होत्या.

घरी आल्यावर मी उलट क्रम कागदावर मांडून पाहिला, आणि तो अधिक रंजक निघाला. समजा स्पेल आधी गेले असते. सरदार मागे फेकला गेल्यावर फायटरने आपला ट्रिगर सोडून दिला असता, कारण सोडून देण्याची मुभा नियमातच आहे. त्याची रिॲक्शन शिल्लक आणि तयारीही शिल्लक. मग सरदार पुन्हा चालून आला असता तर ‘टप्प्यात आला’ ही घटना नव्याने घडली असती आणि तलवार तेव्हा चालली असती. म्हणजे सरदार परत येणार असेल तर एकूण इजा दोन्ही क्रमांत तितकीच. फरक एवढाच की पहिल्या क्रमात तो निर्धास्तपणे परत येतो आणि दुसऱ्या क्रमात उगारलेली तलवार पाहून परत येतो, किंवा येतच नाही. माझ्या विझार्डच्या जिवाच्या दृष्टीने दुसराच क्रम बरा होता. उलट, पहिल्या वारातच सरदार मेला असता तर मी माझा ट्रिगर सोडून देऊन स्पेल हातात धरून ठेवू शकले असते आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या हॉबगॉब्लिनवर ते चालले असते. (थंडरवेव्हचा आवाज तीनशे फुटांपर्यंत जातो, असे त्या स्पेलच्या वर्णनात आहे. विहिरीच्या तळाशी तो काढायचा म्हणजे साऱ्या महालाला जाग आणणेच होते, पण ते डीएमच्या लक्षात पुढच्या रविवारी आले.) असे दोन्ही बाजूंचे हिशेब करण्यात रेडी ॲक्शनची खरी मजा आहे, आणि म्हणूनच तो निर्णय हिशेब करणाऱ्यांच्या हाती असायला हवा.

खेळाडूंचे आपसांत एकमत झालेच नाही तर काय, हा प्रश्न उरतो. बहुतेक टेबलांवर अशा वेळी इनिशिएटिव्हचा क्रम धरतात. तो सोपा आहे, पण मला पटत नाही: आपली क्रमातली जागा सोडून थांबण्याचे ठरवणे, हाच तर वार राखून ठेवण्याचा अर्थ, ज्या जागेवर पाणी सोडले तिचाच हक्क पुन्हा कसा सांगायचा? डेक्स्टेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, आकडा पाहणे याहून वाईट, कारण मग रेंजर आणि रोग (चोरटे पात्र) हेच कायम पहिले. दोघांनी नवा फासा टाकावा हा मार्ग न्याय्य असला तरी आणखी एक फेक आणि आणखी एक विराम. आमच्याकडे आता ज्याने आधी तयारी सांगितली त्याचा वार आधी, असा संकेत आहे. जो अधिक वेळ दारावर डोळा ठेवून उभा आहे त्याचा हात आधी उठेल, एवढेच त्याचे समर्थन. त्याचा उपयोग करण्याची वेळ क्वचित येते.

क्वचित येते याचे कारण असे की अट नीट सांगितली तर दोन ट्रिगर खऱ्या अर्थाने एकाच क्षणी क्वचितच घडतात. ‘काही झाले की मी मारतो’ असे सांगणारा खेळाडू म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा प्रवासी; बसायचे कुठे हे त्याने ठरवलेले नसते, फक्त दुसऱ्या कोणी बसू नये एवढे ठरवलेले असते. अशा मोघम अटींची तीन वाक्ये एकत्र आली की त्यांचा गुंता होणारच. पुस्तकातली उदाहरणे पाहिली तर ती किती नेमकी आहेत ते दिसते: पंथाचा माणूस चोरदरवाजावर पाय ठेवील तेव्हा मी कळ ओढीन, गॉब्लिन माझ्या शेजारच्या चौकोनात येईल तेव्हा मी दूर सरकेन. घटना एक, जागा एक, कृती एक. मी त्या दिवशी ‘फायटरचा वार झाल्यावर’ असे म्हटले असते तर कोणाला काही विचारावेच लागले नसते, कारण मित्राची कृती हीसुद्धा जाणवणारी घटनाच आहे आणि तीही ट्रिगर होऊ शकते. ‘त्याने हल्ला करायचे मनात आणले की’ हे मात्र चालत नाही. मनात आणणे कोणाला दिसत नाही.

अटींची अशी साखळी लावताना कोणत्या आवृत्तीचे नियम चालू आहेत हे विसरून चालत नाही, आणि आमच्या टेबलावरचे जुने खेळाडू नेमके तेच विसरतात. २००३ च्या साडेतीन (३.५) आवृत्तीत राखून ठेवलेली कृती ट्रिगरच्या आधी घडते. ती समोरच्याला मध्येच अडवते, आणि तो अजून धडधाकट असेल तरच आपले काम पुढे नेतो. एक उदाहरण घेऊ. फायटर म्हणतो, ‘सरदाराने शिंग फुंकले की वार.’ हॉबगॉब्लिन तिरंदाज म्हणतो, ‘फायटरने वार केला की बाण.’ सरदार शिंग फुंकतो. पाचव्या आवृत्तीत शिंग वाजते, मग तलवार चालते, मग बाण सुटतो. साडेतीनमध्ये हीच दोन वाक्ये हुबेहूब उलट्या क्रमाने उलगडतात: तिरंदाज फायटरला अडवतो म्हणून बाण आधी, फायटर सरदाराला अडवतो म्हणून तलवार नंतर, आणि फायटर बाणाने पडला नसेल व तलवार जिव्हारी लागली असेल तर शिंग वाजतच नाही. शब्द तेच, पात्रे तीच, फासे तेच, आणि निकाल निराळा.

स्पेल म्हणणाऱ्याला रोखण्याची जुनी युक्ती याच नियमावर उभी होती. साडेतीनमध्ये शत्रूच्या मांत्रिकाकडे बाण रोखून थांबायचे, त्याने मंत्र सुरू केला की बाण सोडायचा, आणि मग त्याला दहा अधिक झालेली इजा अधिक स्पेलची पातळी इतक्या कठीण आकड्याविरुद्ध कॉन्सन्ट्रेशनचा चेक करावा लागे. पाचव्या आवृत्तीत ट्रिगर संपल्यावरच बाण सुटत असल्यामुळे तोपर्यंत स्पेल होऊन गेलेले असते. आमच्या रेंजरने यावर ‘त्याने मंत्राचे पहिले अक्षर उच्चारले की’ अशी अट घालून पाहिली, आणि एक अक्षर ही पूर्ण घटना धरायची की नाही यावर चहा दोनदा झाला. माझ्या मते धरू नये. आवृत्तीने विचारपूर्वक काढून टाकलेली गोष्ट शब्दांच्या फटीतून परत आणायची असेल, तर ती साडेतीनच्या टेबलावर बसून खेळावी; तेथे तिच्याबरोबर तिची किंमतही येते, कारण कृती केल्यावर आपले इनिशिएटिव्ह बदलून ज्याने ट्रिगर दिला त्याच्या लगेच आधी आपली जागा कायमची लागते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत कृती ट्रिगरनंतर आणि तरीही जागा बदलणारी, असा मधला मार्ग होता. पाथफाइंडर या त्याच धर्तीच्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर टर्नच्या तीनपैकी दोन ॲक्शन मोजाव्या लागतात, तेव्हा कुठे एक ॲक्शन राखता येते.

राहता राहिला प्रश्न डीएमच्या बाजूच्या वारांचा. राक्षसही वार राखून ठेवू शकतात, आणि आमचे ट्रिगर ऐकून झाल्यावर डीएमने सरदाराला दाराआडच बसवून ठेवले तर तो सरदाराचा शहाणपणा की डीएमचा, हे ओळखायला काही साधन नसते. त्या लढाईनंतर आम्ही चिठ्ठ्या सुरू केल्या. जो वार राखून ठेवतो तो आपला ट्रिगर आणि कृती एका ओळीत चिठ्ठीवर लिहितो आणि ती आपल्या मिनिएचरखाली, म्हणजे पात्राच्या छोट्या बाहुलीखाली, पालथी ठेवतो. डीएमही शत्रूंसाठी तेच करतो. ट्रिगर घडला असे ज्याला वाटते तो चिठ्ठी उलटतो, आणि लिहिलेल्या शब्दांबाहेर काही मागता येत नाही. काकांच्या चिठ्ठ्या सुरुवातीला दुकानाच्या बिलाच्या पाठीवर असत आणि त्यांचे अक्षर त्यांनाच लागत नसे, त्यामुळे आता ते बोलतात आणि रेंजर लिहितो. एकाच वेळी दोन चिठ्ठ्या उलटल्या तर त्या दोघांनी ठरवायचे. दोन्ही शत्रूंच्या असतील तर डीएमने, आमच्या टर्नवर असतील तरीही. आणि एक आमची व एक त्यांची असेल तर, ही एकच गोष्ट आम्ही पुस्तकाप्रमाणे ठेवली आहे, ज्याची टर्न चालू आहे त्याने.